आपली मूल्ये आणि मोबाइलमधील सेवा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, आपण रोज वापरत असलेली ॲप, ई-मेल, पैसे देण्याघेण्याच्या आणि खरेदी-विक्रीच्या सेवा आपल्या तत्त्वांना धरून आहेत असे आपल्याला वाटते का, आणि नसल्यास अडचण नेमकी कोठे येते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या जिल्ह्यातील दूध संस्थेचा साधा सभासदसुद्धा वार्षिक सभेत उभा राहून उत्पन्न कोठून आले, खर्च कोठे झाला आणि निर्णय कोणी घेतला, हे विचारतो. तंत्रज्ञानाच्या सेवेलाही हेच तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांत चौथ्या प्रश्नाची भर घालावी : उद्या ही सेवा सोडायची झाल्यास माझी माहिती मला बरोबर नेता येईल का? खालील पाचही उत्तरांत मी या चौथ्या प्रश्नाकडे वारंवार वळलो आहे, कारण बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तर निवडीत झालेली चूक पुढे सुधारता येते.

राजारामपुरीतून एक निवृत्त बँक अधिकारी लिहितात : नोकरीत असताना ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर जाऊ न देणे हा माझा धर्म होता. आता माझीच माहिती कोठे जाते याचा पत्ता नाही, हे मनाला पटत नाही. व्हॉट्सॲप सोडावे असे वाटते. परंतु मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला, शिवाय भावकीचा, तालमीचा आणि अपार्टमेंटचा ग्रुप, सगळे तेथेच आहे. सूनबाई म्हणतात, "बाबा, तुम्ही गेलात तर नातीचे फोटो कोठे बघणार?" सिग्नल, टेलिग्राम की अरट्टाई, यांपैकी काय घ्यावे?

आपली अस्वस्थता रास्त आहे. मात्र ती योग्य जागी असावी म्हणून प्रथम एक गैरसमज दूर करतो. व्हॉट्सॲपवरील खासगी संदेश २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कूटबद्ध असतात आणि त्यांचा मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. त्यासाठी वापरलेली पद्धत मुळात सिग्नलच्याच लोकांनी तयार केलेली आहे. खरा प्रश्न आहे तो मजकुराभोवतीच्या माहितीचा. आपण कोणाशी, किती वाजता, किती वेळा आणि कोणत्या फोनवरून संपर्क साधता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, कोणत्या दुकानाशी बोलता, ही माहिती कूटबद्ध मजकुराच्या बाहेर राहते. एखादा माणूस महिनाभर हृदयरोगतज्ज्ञाशी आणि विमा प्रतिनिधीशी बोलत असेल, तर त्याचा एकही संदेश न वाचता बरेच काही कळते.

व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने, म्हणजे आताच्या मेटाने, विकत घेतले आणि मेटाचे जवळजवळ सगळे उत्पन्न जाहिरातींचे आहे. २०२१ च्या आरंभी व्हॉट्सॲपने नवे गोपनीयता धोरण आणले, ते एकतर मान्य करा नाहीतर सेवा सोडा, अशा स्वरूपाचे होते. त्याच प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि त्यावर पुढे अपीलही झाले. ग्राहकाला नकार देण्याची खरी मुभा होती का, हा त्या प्रकरणाचा गाभा होता, आणि आपल्या पत्रातील सूनबाईंचा प्रश्नही वेगळ्या शब्दांत तोच आहे.

आपण ज्या मूल्याचा उल्लेख केला आहे, त्या गुप्ततेच्या कसोटीवर तिन्ही पर्यायांपैकी सिग्नल निःसंशय सरस ठरतो. ती नफा न कमावणारी संस्था आहे. २०१८ मध्ये तिचे प्रतिष्ठान उभे राहिले तेव्हा व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रायन ॲक्टन यांनी त्यासाठी पाच कोटी डॉलर दिले. न्यायालयाने माहिती मागवली असता सिग्नलला खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, याच्या पलीकडे काही देता आले नाही, कारण त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हतेच. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. २०२५ पर्यंत हा खर्च वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज त्यांनीच २०२३ मध्ये जाहीर केला होता. म्हणून सिग्नल घेणार असाल, तर वर्षातून एकदा ऐपतीप्रमाणे देणगी द्यावी, असे मी आवर्जून सुचवीन. टेलिग्रामवरील साधे संवाद मात्र टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. त्यासाठी 'सिक्रेट चॅट' मुद्दाम उघडावे लागते आणि ग्रुपसाठी ती सोयच नाही. गुप्ततेसाठी व्हॉट्सॲप सोडून टेलिग्रामवर जाणे म्हणजे एक पाऊल मागे जाणे आहे. झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या ॲपकडे सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांचा ओघ लागला, तेव्हा तिचे कॉल कूटबद्ध होते, पण लेखी संदेशांना ते संरक्षण आपोआप मिळत नव्हते. ती घ्यायची असेल, तर आजची स्थिती सेटिंग्जमध्ये स्वतः पाहून घ्यावी. तिचे खरे आकर्षण स्वदेशीचे आहे आणि त्याविषयी पुढील उत्तरात लिहितो.

आता 'सोडावे का' या प्रश्नाकडे येतो. सर्व एकदम सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात तरी शेजाऱ्यांशी आणि तालमीशी असलेला संपर्क तोडण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. पंचगंगेचे पाणी चढत असताना कोणत्या गल्लीत नाव पाठवायची, हे जेथे लोक आहेत तेथेच कळते. मात्र घरातील चार-पाच माणसांचे वर्तुळ वेगळे काढता येते. आजारपणाचे अहवाल, जमिनीचे कागद, पैशांचे व्यवहार आणि नातीचे फोटो, एवढ्यासाठी सिग्नल ठेवावा. मुले दिवाळीला घरी येतील तेव्हा सर्वांच्या फोनवर ते एकत्र बसून घालावे, कारण फोनवरून समजावून सांगण्यात उत्साह निघून जातो.

व्हॉट्सॲप राहणारच असेल, तर एक काम आजच करावे. आपल्या संदेशांची जी प्रत गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर साठते, ती आपण स्वतः सांगितल्याशिवाय टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध होत नाही; संदेश कुलपात आणि त्याची नक्कल उघड्यावर, अशी स्थिती पुष्कळांच्या फोनमध्ये आहे. सेटिंग्जमधील 'चॅट्स' उघडून 'चॅट बॅकअप'मध्ये गेल्यावर खालच्या बाजूस कूटबद्ध बॅकअपचा पर्याय दिसतो. तो सुरू करताना पासवर्ड ठरवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली मिळते. ती कागदावर लिहून लॉकरमधील कागदपत्रांत ठेवावी, कारण ती हरवल्यास कंपनीलाही बॅकअप उघडून देता येत नाही.

भावकीतील जे लोक बदलणार नाहीत, त्यांना आपण कमी तत्त्वनिष्ठ समजू नये, एवढी विनंती आहे. अनेकांसाठी व्हॉट्सॲप हेच इंटरनेट आहे आणि त्यांची अडचण खरी आहे.

शिरोली एमआयडीसीतून एक लघुउद्योजक लिहितात : आमची छोटी फौंड्री आहे. माल इथला, कामगार इथला, मशिनही शक्यतो इथले, हे वडिलांपासून चालत आलेले धोरण आहे. मेल मात्र गुगलची, कोटेशन आणि ड्रॉइंग गुगलच्या ड्राइव्हवर. सर्व झोहोवर न्यावे असा विचार आहे. स्वदेशी म्हणून तेवढे पुरेसे आहे का?

आपले धोरण मला मनापासून आवडले, आणि म्हणूनच ते नुसत्या पाटीवर भागवू नये असे वाटते. स्वदेशीचा आग्रह धरताना आपल्याला नेमके काय हवे आहे, ते आधी ठरवावे लागेल : मालकी भारतीय असावी, माहिती भारतातील यंत्रांवर राहावी, रोजगार इथे मिळावा, की कोणा परदेशी कंपनीच्या निर्णयाने आपले काम एका रात्रीत ठप्प होऊ नये? या चार अपेक्षा बहुधा एकत्र उच्चारल्या जातात, परंतु एक पूर्ण झाली म्हणजे बाकीच्या आपोआप पूर्ण होत नाहीत.

झोहो पहिल्या तीन कसोट्यांवर चांगलीच उतरते. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली ही कंपनी चेन्नईची आहे, ती शेअर बाजारात नोंदलेली नाही, तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागातही तिने कार्यालये उभी केली आहेत, भारतातील ग्राहकांची माहिती ती भारतातील केंद्रांत ठेवते, आणि तिचे उत्पन्न जाहिरातींऐवजी ग्राहकांच्या वर्गणीतून येते. आपण हिशेबासाठी टॅली वापरत असाल, तर तीही बंगळूरचीच आहे, म्हणजे निम्मे काम आधीच झालेले आहे.

चौथी कसोटी वेगळ्या प्रकारची आहे. हाइक हे भारतीय मेसेंजर जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले आणि ट्विटरला भारतीय पर्याय म्हणून गाजलेले कू जुलै २०२४ मध्ये. दोन्ही स्वदेशी होते, दोन्हींवर लोकांनी विश्वासाने मजकूर टाकला होता. झोहोची स्थिती त्यांच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे, यात शंका नाही. तरीही कोणत्याही कंपनीच्या भक्कमपणावर आपल्या कारखान्याचा पत्ता अवलंबून असू नये.

हा पत्त्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या व्हिजिटिंग कार्डावर, बिलांवर, चाकणच्या ग्राहकाच्या व्हेंडर फॉर्मवर आणि बँकेच्या नोंदीत बहुधा फुकटच्या जीमेलचा पत्ता छापलेला असेल. तो पत्ता गुगलचा आहे. आपण झोहोचा फुकटचा पत्ता घेतला, तर तो झोहोचा असेल, आणि पुढे पुन्हा बदलायची वेळ आली की सर्व ग्राहकांना पुन्हा कळवत बसावे लागेल. त्याऐवजी आधी फौंड्रीच्या नावाचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःचे नाव, घ्यावे. शेवटी 'डॉट इन' असलेले डोमेन साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. त्या डोमेनच्या सेटिंगमध्ये एमएक्स नावाची एक नोंद असते आणि आलेली मेल कोणाच्या यंत्राकडे पाठवायची, हे ती ठरवते. आज ती नोंद झोहोकडे वळवावी. पाच वर्षांनी सेवा पसंत पडली नाही, तर तीच नोंद दुसरीकडे वळवावी. कार्डावरचा पत्ता तसाच राहतो आणि चाकणच्या ग्राहकाला बदल झाल्याचे कळतसुद्धा नाही. जुनी मेल गुगलच्या 'टेकआउट' या सोयीतून पूर्ण उतरवून घेता येते. डोमेन मात्र मालकाच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवावे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिल्याने अडकून पडलेले उद्योजक मी पाहिले आहेत.

ड्रॉइंगची एक प्रत कारखान्यातील डिस्कवरही ठेवावी आणि ती उघडते का, हे अधूनमधून तपासावे.

एक शेवटचा विचार. पत्रे आणि तक्ते तयार करण्याच्या लिब्रेऑफिससारखे मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही एका देशाचे नाही आणि ते सांभाळणारे प्रतिष्ठान जर्मनीत नोंदलेले आहे. तरीही त्याचा मूळ संकेत (सोर्स कोड) सर्वांना खुला असल्यामुळे भारतातील कोणीही ते घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो आणि ते कोणाला बंद करता येत नाही. केरळने सरकारी शाळांतील संगणक अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवले आहेत. परावलंबन टाळणे हा स्वदेशीचा हेतू असेल, तर अशा सॉफ्टवेअरला मी त्या यादीत मानाने जागा देईन.

सुभाषनगरातून एक वाचक लिहितात : आमच्या घरी कोल्हापुरी चपला होतात. बाबा तळ कापतात, आई वेण्या घालते, मी फोटो काढून विकण्याचे बघते. मोठ्या ऑनलाइन बाजारावर माल खपतो, पण कमिशन, परत आलेले जोड आणि पोस्टेज वजा जाता हातात फार राहत नाही, शिवाय चप्पल कोणी केली ते गिऱ्हाइकाला कळतच नाही. कष्ट करणाऱ्याला योग्य वाटा मिळावा, असे आम्हाला वाटते. तेथून बाहेर पडावे का?

ताई, आपल्या प्रश्नात दोन मागण्या आहेत, पैशाची आणि नावाची, आणि दोन्ही न्याय्य आहेत. पैशाच्या बाबतीत आधी एक हिशेब करून पाहावा. मागील तीन महिन्यांत त्या बाजारावर गेलेला प्रत्येक जोड वहीत मांडून त्यापुढे विक्रीची किंमत, कमिशन, पाठवणी, परत आलेल्या जोडाचा दोन्ही बाजूंचा खर्च आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम लिहावी. कापशी आणि साधे पायताण यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. परत येणारे जोड बहुधा मापाच्या गोंधळामुळे येतात, आणि पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने बाहेरची रेघ मारून पाठवा, एवढी एक सूचना फोटोसह दिल्याने त्यांतील बरेच टळू शकतात.

बाजार सोडण्याची घाई करू नये, मात्र त्याच्यावर विसंबून राहणे कमी करावे. अनोळखी गिऱ्हाईक मिळवण्यासाठी मोठा बाजार उपयोगी पडतो. परंतु तेथे गिऱ्हाइकाची ओळख बाजाराकडे राहते आणि दुसऱ्या वेळी तेच गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल की शेजारच्या स्वस्त नकलेकडे जाईल, हे तो बाजार ठरवतो. म्हणून थेट आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, माप आणि क्रमांक, त्यांची परवानगी घेऊन, आपल्या स्वतःच्या वहीत किंवा संगणकावर ठेवावा. ही नोंद कोणत्याही ॲपच्या आत अडकलेली नसावी. सरकारच्या पुढाकाराने उभे राहिलेले ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचे खुले जाळेही पाहण्यासारखे आहे. तेथे विकणाऱ्याचे ॲप आणि घेणाऱ्याचे ॲप वेगवेगळे असू शकते, त्यामुळे निदान रचनेत तरी एकाच कंपनीची मक्तेदारी नाही. मात्र तेथे जोडून देणारी कंपनी किती शुल्क घेते, हे लेखी घ्यावे.

नावाची मागणी पुरी करण्याचे साधन कायद्यातच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागीर त्याचे हक्कदार आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली नसल्यास ती करून घ्यावी. बाजाराच्या अटींत बसत असेल, तर प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी ठेवावी : चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे, वेणी कोणी घातली, पावसाळ्यात चप्पल कशी जपावी. असा मजकूर वाचणारा माणूस पुढच्या वेळी नाव शोधत येतो.

पैसे घेण्याच्या बाबतीत आपण आधीच चांगल्या व्यवस्थेत आहात. यूपीआयचे व्यवहार कोणत्याही ॲपवरून कोणत्याही ॲपवर होतात आणि बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. देशातील यूपीआय व्यवहारांपैकी सुमारे चार-पंचमांश वाटा फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपचा आहे, त्यांतील फोनपेची बहुसंख्य मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे. हे आपल्याला खटकत असेल, तर आपल्या बँकेचा क्यूआर लावावा आणि स्वतःसाठी राष्ट्रीय देयक महामंडळाचे भीम ॲप वापरावे. गिऱ्हाइकाला काहीही बदलावे लागत नाही. संदेशांच्या सेवाही अशाच एकमेकींशी जोडलेल्या असत्या, तर वरील निवृत्त अधिकाऱ्यांना सूनबाईंपुढे निरुत्तर व्हावे लागले नसते. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांवर कायद्याने तशी सक्ती केली आहे, आणि ती आपल्याकडेही यावी अशी माझी तीव्र इच्छा आहे.

गडहिंग्लज तालुक्यातून एक प्राथमिक शिक्षिका लिहितात : एका कंपनीने आमच्या शाळेला पाढे आणि वाचनाचे ॲप मोफत देऊ केले आहे. मुख्याध्यापक अनुकूल आहेत. पालकांच्या फोनवर ते घ्यायला सांगायचे आहे. मोफत असल्याने नाही म्हणणे अवघड जाते, पण मन धजत नाही.

बाई, आपले मन योग्य जागी थबकले आहे. प्रौढ माणूस आपली माहिती देऊन सोय विकत घेतो तेव्हा तो निदान स्वतःपुरता निर्णय घेत असतो. दुसरीतील मुलासाठी तो निर्णय शाळा घेते, आणि पालक शाळेवरील विश्वासापोटी होकार देतात. त्यामुळे येथे निकष अधिक कडक असावेत.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला तो कायदा बालक मानतो, तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. शाळांना शैक्षणिक कामापुरती काही सूट आहे. मुलांविषयीची बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कलमे टप्प्याटप्प्याने, २०२७ च्या मे महिन्यापर्यंत, पूर्णपणे लागू व्हायची आहेत. परंतु चांगल्या हेतूने आलेल्या कंपनीला ती आजच पाळायला काहीच हरकत नसावी.

मुख्याध्यापकांनी कंपनीला लेखी पत्र पाठवावे, असे मी सुचवितो. मुलांची कोणती माहिती घेतली जाते, ती किती दिवस ठेवली जाते, कोणाला दिली जाते, आणि शाळेने ॲप बंद केल्यावर ती पुसली जाते का, एवढेच विचारावे. उत्तर येईपर्यंत एका रिकाम्या फोनवर ॲप घेऊन ते कोणकोणत्या परवानग्या मागते ते पाहावे. पाढ्यांच्या ॲपला फोनमधील संपर्क, ठिकाण किंवा संदेश लागण्याचे कारण नाही. माइक वाचनाच्या सरावापुरता समजू शकतो. मोफत देण्याचा खर्च कंपनी कोठून भरून काढते, याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर नम्रपणे नकार द्यावा.

नकार दिल्यास हात रिकामे राहणार नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया किविक्स या साधनाने इंटरनेटशिवाय शाळेच्या एका संगणकावर वाचता येतो, तर जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या खेळांचा संच जाहिरातमुक्त आणि मुक्त परवान्याचा आहे. तिन्हींसाठी मुलाचे नाव कोठेही नोंदवावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण विचारात घ्यावी. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर दिवसभर उसाच्या फडात असतो, त्या घरातील मुलाने गृहपाठ कसा करावा? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ते कोणीही बाहेर राहू नये म्हणून. त्यामुळे फोन नसल्याने एखादे मूल मागे पडत असेल, तर माहितीची काळजी घेणारे उत्तम ॲपसुद्धा मी शाळेत आणणार नाही.

शिवाजी विद्यापीठातील एक विद्यार्थी विचारतो : पर्यावरण हा माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एआय वापरणे थांबवावे का? आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, तर नवा घ्यावा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आपल्या हातात तेथे अधिक आहे. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि जुन्या प्रोसेसरचे असंख्य चांगले संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांतील बहुतेकांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली उत्तम चालते. आधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासावे, नंतर सर्व फाइलींची प्रत काढून ते बसवावे. विद्यापीठाच्या एखाद्या विषयाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर तेवढ्यासाठी प्रयोगशाळेतील संगणक वापरावा. लॅपटॉप असो वा फोन, त्याच्या आयुष्यभरातील उत्सर्जनाचा मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. म्हणून बॅटरी बदलून आणि रॅम वाढवून आणखी तीन-चार वर्षे तो चालला, तर त्याइतकी परिणामकारक दुसरी कृती आपल्यासारख्या ग्राहकाजवळ नाही. फोन घेण्याची वेळ येईल तेव्हा कॅमेऱ्याआधी सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारावे. काही कंपन्यांनी वरच्या श्रेणीतील फोनना सात वर्षांचे आश्वासन दिले आहे, आणि अशा मॉडेलचा वापरलेला फोनही पर्यावरणाच्या दृष्टीने चांगली निवड ठरतो.

एआयविषयी : आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सर्व डेटा सेंटरनी मिळून जागतिक विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली आणि हा वापर वेगाने वाढतो आहे. एआय हा त्यातील एक भाग आहे. आपला एखाद-दुसरा लेखी प्रश्न त्यात नगण्य असतो. व्हिडिओ आणि चित्रे तयार करून घेणे त्यामानाने जड पडते, तेव्हा गंमत म्हणून ते करणे टाळावे. अभ्यासासाठी एआय वापरत असाल, तर आपला मजकूर पुढील प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये शोधून बंद करावा, आणि मार्गदर्शकांचे अप्रकाशित संशोधन तेथे कधीही चिकटवू नये.